पाण्याचा अहवाल स्वच्छ, तरी अंड्यांतून पिल्ले का येत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका उथळ तलावाकाठी पाणकावळे आणि बगळे दर वर्षी घरटी करतात. गेले तीन विणीचे हंगाम बरीच अंडी तशीच पडून राहतात, त्यांतून पिल्ले येत नाहीत. अधूनमधून एखादा मेलेला पक्षीही काठाला सापडतो. निसर्गप्रेमींच्या गटाने दोनदा पाणी तपासून घेतले आणि दोन्ही वेळा सगळे आकडे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेत आले. प्रश्नकर्ते विचारतात, "पाण्यात काहीच नाही, तर पक्ष्यांना होते आहे तरी काय? आता कोणती चाचणी करावी?"

पाण्यातली प्रदूषके आणि वन्यजीव हेच माझे कामाचे क्षेत्र आहे आणि हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्यापर्यंत सतत येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो. पुढच्या चाचणीचे नाव मी लगेच सांगणार नाही, कारण तुमचा खरा प्रश्न पाणी स्वच्छ आहे का हा नाही. तो असा आहे: या पक्ष्याच्या शरीरात, अंडे तयार होण्याच्या काळात, कोणता पदार्थ कोणत्या वाटेने किती गेला? पाण्याची बाटली या प्रश्नाच्या फार तर एका कोपऱ्याला स्पर्श करते.

आधी मर्यादेबद्दल. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ठरवताना माणूस रोज साधारण दोन लिटर पाणी पितो असे धरलेले असते. पाणकावळ्याच्या पोटात जाणारे विष पाण्यातून फारसे जात नाही, ते माशांतून जाते. सेलेनियम या मूलद्रव्याचे उदाहरण घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे 40 मायक्रोग्रॅम आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2016 मध्ये जलचरांसाठी सेलेनियमचे नवे निकष काढले. त्यात तलावासारख्या साचलेल्या पाण्यासाठीचा आकडा लिटरमागे 1.5 मायक्रोग्रॅम आहे आणि वाहत्या पाण्यासाठी 3.1. तेही दुय्यम समजायचे. पहिला मान माशाच्या अंडाशयातल्या प्रमाणाला दिला आहे. म्हणजे तुमच्या अहवालात सेलेनियम 8 किंवा 10 आले असते, तर "मर्यादेत" असा शिक्का बसला असता आणि तळ्यातल्या जिवांसाठी ते प्रमाण धोक्याचे असू शकले असते. तांब्याचेही तसेच. पिण्यासाठी लिटरमागे 2 मिलिग्रॅमपर्यंत तांबे चालते, पण मृदू, म्हणजे क्षार कमी असलेल्या, पाण्यात त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढे तांबेही संवेदनशील लहान माशांचा जीव घेऊ शकते.

हे कागदावरचे गणित नाही. उत्तर कॅरोलिनातल्या बेल्यूज तलावात 1970च्या दशकात कोळशावरच्या वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्यातून पाणी येत होते. तलावातले सेलेनियम लिटरमागे सुमारे 10 मायक्रोग्रॅम होते. मोठे मासे दिसायला ठणठणीत होते, पण त्यांची पिढी पुढे जाईना, आणि काही वर्षांत माशांच्या जवळपास सगळ्या जाती त्या तलावातून नाहीशा झाल्या. सेलेनियम मादीच्या शरीरातून अंड्यात उतरते आणि वाढत्या भ्रूणाला इजा करते. म्हणून प्रौढ जनावर धडधाकट आणि अंडी मात्र निकामी, हे चित्र दिसले की माझ्या मनात सेलेनियमचे नाव वरच्या काही संशयितांत येते.

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकचे. ते तुमच्या प्रश्नाच्या फार जवळचे आहे. तिथे चिलटांसारख्या माश्यांचा उपद्रव कमी करण्यासाठी 1949, 1954 आणि 1957 मध्ये डीडीडी हे डीडीटीच्या कुळातले कीटकनाशक पाण्यात सोडले गेले. पाण्यातले प्रमाण दशलक्षात फक्त 0.02 भाग होते. मासे खाणारे ग्रीब पक्षी मरू लागले तेव्हा त्यांच्या चरबीत दशलक्षात 1600 भाग डीडीडी सापडले, म्हणजे ऐंशी हजार पट. आणि शेवटच्या फवारणीनंतर थोड्याच काळात पाण्याच्या नमुन्यांत ते सापडेनासे झाले होते. ते कुठे गेले होते? प्लवकांत, माशांत, पक्ष्यांत आणि गाळात. पाण्याचा अहवाल खोटा नव्हता, फक्त तो चुकीच्या जागेचा होता.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण इथे सरसकट उत्तर देणारा माणूस दिशाभूल करतो. पहिली गोष्ट, तुमचे पक्षी वर्षभर तिथेच राहतात की विणीपुरते येतात? डीडीई, म्हणजे डीडीटीचा टिकाऊ अवशेष, पक्ष्याच्या चरबीत वर्षानुवर्षे राहतो. तो अंड्यात सापडला तर तो दुसऱ्याच देशातून आलेला असू शकतो. सेलेनियमचे उलट आहे. मादीच्या आहारात ते आले की काही आठवड्यांत अंड्यात दिसते आणि आहार बदलला की तितक्याच लवकर कमी होते. म्हणून अंड्यातले जास्त सेलेनियम बहुधा स्थानिक अन्नाकडे बोट दाखवते. दुसरी गोष्ट, तलावात पाणी कुठून येते: सिंचनाचा निचरा, कारखाना, सांडपाणी, राख, खाण, की नुसते पावसाचे? तिसरी, पाण्याची पातळी वारंवार वरखाली होते का? काठ सुकणे आणि पुन्हा बुडणे यामुळे गाळातल्या जीवाणूंना साध्या पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करायला अनुकूल स्थिती मिळते. मिथाइल पारा अन्नसाखळीत वर चढतो, आणि माशातले त्याचे प्रमाण आसपासच्या पाण्यापेक्षा दहा लाख पट किंवा त्याहूनही जास्त असू शकते. पाण्यातले इतके अल्प प्रमाण नेहमीच्या पद्धतीला दिसतच नाही.

चौथी गोष्ट प्रदूषणाची नाहीच. घरट्यांजवळ माणसांचा वावर वाढला, भर उन्हात पक्षी वारंवार उठवले गेले, कावळ्यांनी अंडी फोडली, घरटी बुडाली, तरी अंडी वाया जातात. हे आधी बाजूला काढल्याशिवाय प्रयोगशाळेच्या दारात जाऊ नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

म्हणून सुरुवात अंड्यांपासूनच करा. पक्ष्यांनी सोडून दिलेली, मुदत उलटून गेलेली अंडी गोळा करायलाही बहुतेक ठिकाणी वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते. ती घ्या आणि एखाद्या पक्षिवैद्यकाला किंवा विद्यापीठातल्या अभ्यासकाला सोबत घ्या. अंडे उघडले की बरेच कळते. आत भ्रूण वाढलेलाच नसेल तर अंडे फळले नव्हते किंवा अगदी सुरुवातीला बंद पडले. भ्रूण पूर्ण वाढून मेला असेल तर गोष्ट वेगळी. डोळे नसलेले, चोच वाकडी असलेले, पाय अर्धवट असलेले भ्रूण दिसले तर सेलेनियमची शंका बळावते. कॅलिफोर्नियातल्या केस्टरसन जलाशयावर 1983 मध्ये नेमके हेच दिसले. सिंचनाच्या निचऱ्याचे पाणी तिथे साठवले जात होते. त्या पाण्याने डोंगरातल्या सागरी शेल खडकांपासून बनलेल्या जमिनीतले सेलेनियम धुऊन आणले होते, आणि वारकरी, ग्रीब, शेकाट्या अशा पक्ष्यांचे विकृत भ्रूण घरट्यांतून मिळाले. तिथे कोणी कारखान्याचे नळ सोडले नव्हते. शेतीचे पाणी आणि खालची जमीन, एवढ्यानेच ते घडले.

अंड्याचे कवच पातळ, चिरलेले, पक्ष्याच्या वजनाखाली दबलेले असेल तर डीडीईचा विचार करा. डेरेक रॅटक्लिफ यांनी 1967 मध्ये ब्रिटनमधल्या बहिरी ससाण्यांच्या अंड्यांवर जे काम केले ते आजही शिकण्यासारखे आहे. संग्राहकांनी जपून ठेवलेली जुनी कवचे त्यांनी तोलली आणि मोजली. कवचाचे वजन भागिले लांबी आणि रुंदीचा गुणाकार, इतके साधे गुणोत्तर वापरले. कवचे पातळ होण्याची सुरुवात 1947च्या आसपास झाली, म्हणजे डीडीटीचा वापर पसरू लागला तेव्हाच, हे त्यातून दिसले. त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागले नाही. जवळच्या संग्रहालयात तुमच्या जातीची जुनी कवचे असतील तर तीच तुलना तुम्हालाही करता येईल.

मेलेले पक्षी हा वेगळा धागा आहे आणि तो अंड्यांशी जोडलेला असेलच असे गृहीत धरू नका. पक्ष्याची मान लुळी पडली असेल, त्याला उडता येत नसेल, आणि थोड्या दिवसांत बरेच पक्षी गेले असतील तर बॉट्युलिझम आधी तपासायला हवा. 2019च्या नोव्हेंबरमध्ये राजस्थानातल्या सांभर तलावावर हजारो पक्षी मेले, तेव्हा कारण तेच निघाले. ते जीवाणूचे विष होते, कोणाचे सांडपाणी नव्हे. कीटकनाशकाची शंका असेल तर मेंदूतल्या कोलिनेस्टरेज या विकराची (एन्झाइमची) क्रिया मोजतात. ती नेहमीच्या निम्म्याच्या खाली गेली असेल तर ऑरगॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातले विष मृत्यूचे कारण मानायला आधार मिळतो. आणि काही वेळा वाट पाण्यातून जातच नाही. दक्षिण आशियातली गिधाडे झपाट्याने नाहीशी होत होती तेव्हा कारण 2004 मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी शोधले. शवविच्छेदनात आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर दिसला, त्यावरून मूत्रपिंडे निकामी झाल्याचे कळले, आणि तिथून ते जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधापर्यंत पोहोचले. पाणी, माती, हवा कितीही तपासली असती तरी हे सापडले नसते. शव नीट उघडून पाहिले म्हणून सापडले.

शव हाताळण्याबद्दल दोन सूचना, फार महत्त्वाच्या. उघड्या हाताने शिवू नका. बर्ड फ्लूची शक्यता कायम असते, म्हणून आधी पशुवैद्यकीय किंवा वन अधिकाऱ्यांना कळवा. आणि शवविच्छेदन लगेच होणार असेल तर शव थंड ठेवा, गोठवू नका. गोठवल्याने पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही वाचता येत नाही. दिवस लागणार असतील तर मात्र गोठवा, कारण रासायनिक तपासणी गोठवलेल्या ऊतींवरही होते. कोणता मार्ग घ्यायचा ते तपासणाऱ्याला फोन करून विचारूनच ठरवा.

इथवरचे एका ओळीत: आधी घरट्यांच्या नोंदी, मग न फुटलेली अंडी, सोबत मेलेल्या पक्ष्यांचे शवविच्छेदन. यातून शंका एकदोन पदार्थांवर किंवा एखाद्या रोगावर येऊन ठेपते. रासायनिक तपासणी त्यानंतर. शंका न ठेवता "सगळे तपासा" म्हटले की प्रयोगशाळा तिच्या ठरलेल्या यादीतले पदार्थ तपासते आणि यादीबाहेरचे विष तसेच सुटते.

आता नमुने कशाचे घ्यायचे. माझे मत ठाम आहे: तलावासाठी गाळ आणि लहान मासे पाण्यापेक्षा जास्त बोलतात. पाणी म्हणजे रोजची उलाढाल, गाळ म्हणजे खतावणी. वरचा दोनेक सेंटिमीटरचा गाळ गेल्या काही वर्षांचे सांगतो. खोलवरचा गाभा नळीने काढला तर शिसे-210 आणि सीझियम-137 या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून थरांची वये लावता येतात. शिसे-210चे अर्धायुष्य सुमारे 22 वर्षे आहे, आणि सीझियमचे शिखर 1963च्या थरात मिळते, कारण तेव्हा वातावरणातल्या अणुचाचण्यांची धूळ सर्वाधिक पडली. प्रदूषण जुने आहे की तुमची अडचण सुरू झाली तेव्हाच वाढले, हे त्यातून कळू शकते. गाभ्याचे काम मात्र विद्यापीठाच्या मदतीशिवाय करू नका. आणि गाळाचे आकडे वाचताना तो किती बारीक आहे, त्यात सेंद्रिय द्रव्य किती आहे हे विचारा. वाळूत धातू कमी आणि चिखलात जास्त सापडणारच. त्या दोन जागांची थेट तुलना करून प्रदूषणाचा निष्कर्ष काढणारे अहवाल मी पुष्कळ पाहिले आहेत आणि त्यांवर निर्णय घेतले गेलेलेही पाहिले आहेत.

माशांच्या बाबतीत एक बारकावा हमखास सुटतो. माणसाच्या आरोग्यासाठी मासे तपासतात तेव्हा मोठा मासा घेऊन त्याचे मांस तपासतात. पाणकावळा लहान मासा अख्खा गिळतो, यकृत, चरबी, अंडाशयासकट. क्लोरीनयुक्त कीटकनाशके चरबीत असतात, सेलेनियम यकृत आणि अंडाशयात जास्त असते, फक्त पारा मुख्यतः मांसात असतो. म्हणून पक्षी ज्या आकाराचे मासे खाताना दिसतात तेच घ्या, एकाच जातीचे, जवळपास एकाच लांबीचे, आणि अख्खे तपासायला सांगा. एक वर्षाच्या आतले मासे त्या वर्षाचे सांगतात. मोठा म्हातारा मासा सगळ्या आयुष्याची बेरीज दाखवतो आणि तुमचा प्रश्न धूसर करतो.

पाऱ्याची शंका असेल आणि मासे पकडणे जमत नसेल तर चतुरांच्या अळ्या घ्या. त्या शिकारी असतात, पाण्यात महिनोन्महिने राहतात, फार हलत नाहीत. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत सामान्य नागरिकांच्या मदतीने याच अळ्या गोळा करून पाऱ्याचा नकाशा तयार केला जातो. तुमच्यासारख्या गटाला हे काम उत्तम जमेल असे मला मनापासून वाटते.

याचा अर्थ पाणी तपासायचेच नाही असा नाही. ते योग्य वेळी तपासायचे. दुपारी बारा वाजता घेतलेल्या नमुन्यात विरघळलेला ऑक्सिजन भरपूर दिसतो, कारण शैवाल उन्हात ऑक्सिजन सोडते. पहाटे सूर्य उगवण्याआधी तोच आकडा तळाला गेलेला असू शकतो. अमोनियाचे विष सामू (पीएच) आणि तापमानावर ठरते. 25 अंश सेल्सिअसला सामू 7 असेल तर एकूण अमोनियापैकी अर्धा टक्क्याच्या आसपासच भाग विषारी रूपात असतो, सामू 9 झाला की तो तिसऱ्या हिश्श्याहून जास्त होतो. शैवालाने भरलेल्या तळ्यात दुपारी सामू 9 होणे अजिबात विशेष नाही. म्हणजे ऑक्सिजन पहाटे मोजावा आणि सामू दुपारी.

पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी तर निसटतेच. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर शहरी ओढ्यांत कोहो सामन मासे पावसानंतर काही तासांत मरायचे आणि नेहमीच्या चाचण्यांत कारण सापडत नसे. अनेक वर्षांच्या शोधानंतर 2020च्या शेवटी उत्तर आले: टायरच्या रबरात घातलेल्या 6पीपीडी नावाच्या रसायनाची ओझोनशी क्रिया होऊन बनलेला पदार्थ रस्त्यावरून धुऊन ओढ्यात येत होता. तो कोणत्याही ठरलेल्या यादीत नव्हता. पावसाच्या आठवड्यानंतर बाटली भरली असती तर तो हातीही लागला नसता. तुमच्या तलावात नाला येत असेल तर पावसाच्या पहिल्या तासातले नाल्याचे पाणी घ्या, आणि जमले तर प्रवाहही मोजा. प्रमाण गुणिले प्रवाह केल्यावरच तलावात किती पदार्थ उतरला ते कळते.

नमुन्यांच्या शिस्तीवर थोडेच लिहितो, पण ते टाळता येणार नाही. धातूंसाठी आम्लाने धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या, सेंद्रिय रसायनांसाठी काच. प्रत्येक फेरीत एक कोरा नमुना, म्हणजे शुद्ध पाणी तलावावर नेऊन, त्याच बाटलीत भरून, तसेच परत पाठवलेले. त्यात जस्त किंवा पारा आला तर दोष बाटलीचा किंवा हाताळणीचा. शिवाय काही नमुने जोडीने घ्या आणि प्रयोगशाळेला जोडी कोणती ते सांगू नका. आणि तुमच्यासारखाच, पण जिथे अंडी नीट फुटतात असा दुसरा तलाव शोधा. त्याच आठवड्यात, त्याच पद्धतीने तिथूनही गाळ, मासे आणि घरट्यांच्या नोंदी घ्या. मला विचाराल तर दहा जादा चाचण्यांपेक्षा हा एक दुसरा तलाव जास्त मोलाचा आहे. तुलनेशिवाय तुमच्या तलावातला कोणताही आकडा जास्त आहे की कमी हे सांगणे कठीण.

जोडीला एक सावधगिरी. गाळात किंवा अंड्यात एखादा पदार्थ सापडणे म्हणजे कारण सापडणे नव्हे. आज जवळपास कुठेही पाहिले तरी डीडीई आणि पारा थोडाफार मिळतोच. कारण म्हणायचे तर तो पदार्थ इजा करणाऱ्या पातळीला असावा, भ्रूणातल्या खुणा त्याच्याशी जुळाव्यात, दुसऱ्या तलावात तो कमी असावा, आणि काळाचा क्रम जुळावा. हे चारही जमल्याशिवाय कोणत्याही कारखान्याचे किंवा शेतकऱ्याचे नाव जाहीरपणे घेऊ नका. लवकर केलेला आरोप खोटा ठरला की नंतरच्या खऱ्या पुराव्यालाही कोणी विचारत नाही, आणि नुकसान पक्ष्यांचे होते.

आता तुमच्या हातातल्या दोन अहवालांचे. ते फेकू नका. त्यातला "आढळले नाही" हा शब्द जिथे जिथे असेल तिथे शेजारी शोधमर्यादा, म्हणजे त्या पद्धतीला दिसू शकणारे कमीत कमी प्रमाण, काय लिहिली आहे ते पाहा. सेलेनियमची शोधमर्यादा लिटरमागे 5 किंवा 10 मायक्रोग्रॅम असेल तर "आढळले नाही" या शब्दाने 1.5च्या प्रश्नाचे उत्तर दिलेलेच नाही. मर्यादा छापलेली नसेल तर प्रयोगशाळेकडे लेखी मागा, त्यांनी ती द्यायलाच हवी. नमुना कोणत्या तारखेला, किती वाजता, तलावाच्या कोणत्या भागातून, गाळून की न गाळता घेतला हेही विचारा. ही माहिती आणि येत्या विणीच्या हंगामातल्या प्रत्येक घरट्याची नोंद, म्हणजे अंडी किती, फुटली किती, कोणत्या तारखेला, इथे लिहा. अंड्यांच्या परवानगीचा अर्ज मात्र आजच करा, कारण त्याला वेळ लागतो आणि विणीचा हंगाम त्यासाठी थांबत नाही.